उजव्या गालावरचा तीळ

शनिवारी सकाळी शालूने फोन कानावरून काढला, पदराला पुसला आणि नवऱ्याकडे न पाहताच जाहीर केलं, "उद्या भाऊजी येऊन राहिले."

देवानंद चहात टोस्ट बुडवत होता. टोस्ट चहातच राहिला.

"कोनते भाऊजी?"

"किती भाऊजी हायेत मले? अकोल्याचे. उजवे."

तायड्यांच्या घरात हे सांगून भागायचं. देवमन आणि देवानंद जुळे, मधे अकरा मिनिटांचं अंतर, आणि चेहरे इतके सारखे की लहानपणी एकाला दोनदा आंघोळ आणि दुसऱ्याला बुट्टी असं अनेकदा झालेलं. फरक एवढाच, की देवमनच्या उजव्या गालावर तीळ आणि देवानंदच्या डाव्या. म्हणून एक उजवा, एक डावा. पुढे दोघांना नोकऱ्या लागल्या. देवमन एसटीत वाहतूक नियंत्रक झाला आणि अकोल्याच्या स्टँडवर तीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारत राहिला. देवानंद अमरावतीत चित्रकलेचा शिक्षक झाला. दोघेही रिटायर झाले, डोक्यावरचे केस गेले, पण भाचेमंडळींच्या तोंडचं उजवेमामा-डावेमामा काही सुटलं नाही.

आणि या उजव्याने नऊ वर्षं डाव्याच्या घराचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नागपूरला जाताना म्हणे तो बडनेऱ्यापासून खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा आणि अमरावती मागे पडली की उघडायचा.

"कायले येऊन राहिला?" देवानंदने विचारलं.

"तुमी त्यायचं चित्र काढलं म्हनून."

"मी? कवा?"

"वर्षालीनं ग्रुपवर टाकलं ना परवा, 'बाबांचं नवीन चित्र' म्हनून. सत्यभामाताईनं त्यायले दाखवलं. तवापासून भाऊजी फोन हातात घेऊन बसून हायेत. जेवनावर लक्ष नाई. म्हनतात, डाव्यानं मले ओयखलं. तेल्हाऱ्याहून आक्काले बी बलावलं. आक्का म्हने, आता दोघायची गाठ घालूनच देतो."

देवानंद उठला आणि मागच्या खोलीत गेला. शालूही मागोमाग गेली.

मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, कपाटाला उभा आरसा होता, आरशासमोर स्टूल आणि बाजूला घोडीवर ते चित्र. निवृत्त कला शिक्षकांच्या प्रदर्शनासाठी देवानंदने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तोंड रंगवलं होतं. त्याने चित्राकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. चित्रातल्या माणसाच्या उजव्या गालावर ठसठशीत तीळ होता.

चौतीस वर्षं त्याने पोरांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. जे दिसतं ते काढा, जे माहीत आहे ते काढू नका. आरशात जे दिसलं ते त्याने इमानाने काढलं होतं. आरसा डाव्याचं उजवं करतो हे त्याला माहीत होतं, पण माहीत असलेलं काढायचं नाही हा त्याचाच नियम होता.

"अव, हा मी आहो!" तो म्हणाला.

"मले नाई मालूम काय? तीन आठवडे थो आरसा पुसून पुसून माहे हात दुखले." शालूने दार लोटून घेतलं. "पन उद्या संध्याकायपर्यंत हे भाऊजी हायेत. समजलं? नऊ वर्सानं मानूस घरी येऊन राहिला. तुमी तोंड उघडाचं नाई. फक्त हसाचं."

हसायचं म्हणे. हे चित्र हसूनच सुरू झालं होतं. देवानंदला प्रसन्न, रुबाबदार चेहरा काढायचा होता, खाली 'स्वतः' असं लिहायचं होतं. पण आरशासमोर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हसू पंधरा मिनिटांच्या वर टिकत नाही. अर्ध्या तासाने रुबाब उतरतो. त्यानंतर गालाची, ओठांची कातडी आपल्या मूळ जागी जाऊन बसते आणि मग जो कोणी समोर दिसतो त्याच्याशी आपली फारशी ओळख नसते. देवानंदने चार वेळा कागद फाडला. पाचव्या वेळी कॅनव्हास घेतला आणि उरलेल्या माणसालाच रंगवलं. ओठ घट्ट मिटलेले, जणू तोंडात एक शब्द धरून ठेवला आहे. नजर समोरच्यावर नाही, थोडी खाली, टेबलावर काहीतरी ठेवलेलं असावं तिथे. डोळ्यांखाली हिरवट छटा.

टेबलावर काय ठेवलेलं होतं, ते देवानंदला पक्कं ठाऊक होतं. शालूला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

टेबलावर त्याच्या मुलीच्या, वर्षालीच्या, लग्नाच्या पत्रिकेचं ते जुनं प्रूफ होतं.

नऊ वर्षांपूर्वी प्रेसवाल्याला 'देवमन' आणि 'देवानंद' ही एकच नाव दोनदा पडल्यासारखी वाटली आणि त्याने देवमनला गाळलं. पत्रिका गावभर गेली. त्यात देवानंदच्या सासुरवाडीच्या म्हणजे शेंदूरजनाघाटच्या चुलत मेहुण्यांची नावं होती, किलबिलमध्ये तीन महिन्यांची पोरगी होती, फक्त मुलीचा सख्खा मोठा काका नव्हता. देवमन लग्नाला आला, मांडवात मागे उभा राहिला, वधूवरांवर फुलं टाकली आणि न जेवता निघून गेला. देवानंदने साऱ्या नातलगांना सांगितलं, प्रेसवाल्याची चूक. सगळ्यांनी मानलं. प्रेसवाल्यानेही मानलं बिचाऱ्याने.

पण प्रूफ तपासायला देवानंदकडे आलं होतं. लाल पेन त्याच्या हातात होता. नाव नाही हे त्याने पाहिलं होतं. आणि खाली 'ओके' लिहून सही केली होती.

कारण आठ दिवस आधीच साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, देवमनने नवरदेवाच्या नातलगांसमोर माईकवरच्या आवाजात ओळख करून दिली होती, "हा आमचा डावा. पेंटर हाय!" त्यावर नवरदेवाच्या मामाने आदराने विचारलं होतं, दोन खोल्यांना डिस्टेंपर मारायला किती दिवस लागतील. सारा मांडव हसला होता. देवमन सगळ्यात मोठ्याने हसला होता.

रविवारी अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. आधी पार्वताबाई आत आली. दोघांची मोठी बहीण, सगळ्यांची आक्का, पंच्याहत्तरीची, तेल्हाऱ्याहून पहाटेच निघालेली. तिच्यामागे देवमनची बायको सत्यभामा, आणि सत्यभामेच्या मागे पायातली चप्पल सावकाश काढत देवमन. नऊ वर्षांत तो थोडा वाकला होता. देवानंदला आपणही वाकलो असणार असं एकदम वाटलं.

"जयभीम," देवमन भिंतीकडे पाहून म्हणाला.

"जयभीम," देवानंदही त्याच भिंतीला म्हणाला.

"भिंत जयभीम घेत नाई," आक्का म्हणाली. "चाला, कुठं हाय थे चित्र? रोडगे झाले काय वं शालू? वांग्याचा वास येऊन राहिला."

निखाऱ्यावर भाजायला टाकलेले कणकेचे रोडगे व्हायला वेळ होता. शालूने संत्र्यांची टोपली उचलली आणि सगळी वरात मागच्या खोलीत गेली. आक्का पलंगावर बसली, दोघी जावा तिच्या दोन बाजूंना. गेली नऊ वर्षं या दोघी रोज दुपारी फोनवर बोलत होत्या आणि नवऱ्यांचं भांडण आपल्या मैत्रीला कसं बाधलं नाही याचा त्यांना अभिमान होता. देवमन मात्र चित्रासमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग खिशातून रुमाल काढून त्याने नाक पुसलं.

"लक्ष द्या," तो म्हणाला. स्टँडवरची सवय गेली नव्हती. "हे ओठ पाहा. मांडवात मी असेच ओठ दाबून उभा होतो. असेच! अन ही नजर पाहा. पंगत बसली होती, अन मी जमिनीकडं पाहून राहिलो होतो. डाव्यानं थे सारं पाह्यलं होतं. मले वाटलं, कोनालेच दिसलं नाई."

शालूने देवानंदकडे पाहून हसा अशी खूण केली. तो हसला. ते हसू भलतंच दिसलं असावं, कारण आक्काने लगेच विचारलं, "तुले काय झालं रे? पोट दुखते काय?"

"अन हे डोयाखाली हिरवं काहून लावलं?" तिने चष्मा सावरत पुढे विचारलं. "उजव्याले कावीय झाली होती काय?"

"थे दुःख हाय, आक्का," देवमनने समजावलं. "चित्रात दुःख हिरवं असते."

सत्यभामा इतका वेळ संत्रं सोलत होती. एक फोड तोंडात टाकून तिने चित्राकडे मान तिरपी करून पाहिलं. "काही बी म्हना," ती म्हणाली, "हे यायचं तोंड वाटतच नाई मले."

"कसं नाई?" शालू घाईने म्हणाली. "तीय पाहा ना ताई. उजव्या गालावर हाय."

"तीय हाय. पन चाळीस वर्सं झाले हे तोंड पाहून राहिले मी. यायले दुःख झालं तं हे दहा गावाले पुकारून सांगतात. लग्नाहून घरी आले तं अकोला स्टँडपासून घरापर्यंत बोलतच होते. ओठ दाबून हे कवा बसले? अन हे तोंड दुखावल्याचं नाई वं शालू. हे लपवल्याचं तोंड हाय. चोराचं."

"मी चोर?" देवमन गरकन वळला.

"तुमाले कुठं म्हनलं? चित्राले म्हनलं."

"चित्र कोनाचं हाय मंग?"

"थेच तं म्हनून राहिली मी!"

"ताई, तुमी काहून काड्या करता?" शालूचा आवाज चढला. "यायनं एवढ्या मायेनं भावाले काढलं, अन तुमाले चोर दिसून राहिला! भाऊजी, तुमीच आहा थे. मले विचारा, मी रोज पाह्यलं."

"तू माह्या नवऱ्याचं तोंड मले शिकवतं?" सत्यभामेने सालं टोपलीत टाकली. नऊ वर्षं टिकलेली मैत्री संत्र्याच्या एका फोडीत कोसळली. आता देवमन आणि शालू एका बाजूला झाले, सत्यभामा एकटी दुसऱ्या बाजूला, आणि आक्का, जी दोघांची गाठ घालून द्यायला तेल्हाऱ्याहून आली होती, तिला कोणाला झापावं हेच कळेना. तिने सवयीने डाव्यालाच झापलं. "तूच काढलं ना? मंग बोल ना बह्याडा!"

शालूची नजर देवानंदवर खिळली होती.

"जाऊ द्या," देवमन म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला. इतका, की सत्यभामाही वळली. "हिले काय समजते. डाव्या, हे चित्र मी घरी नेतो. बैठकीत लावतो. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगीन, माह्या भावानं काढलं. मी नऊ वर्सं समजून राहिलो की याले काहीच वाटलं नाई. अबे, वाटलं असन म्हनून तं काढलं ना तू?"

आणि त्याने हात पुढे केला.

हा हात घेतला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. शालूने डोळ्यांनी घ्या, घ्या म्हटलं. रोडगे झाले असते, वरण-वांगं झालं असतं, दुपारी दोघं भाऊ पलंगावर आडवे झाले असते. आणि अकोल्याच्या बैठकीत देवानंदचा हा चेहरा भावाचा म्हणून टांगलेला राहिला असता. येणारे-जाणारे त्याला बिचारा म्हणाले असते. देवानंदला ते सहन झालं नाही. खोटं सोसणं वेगळं आणि त्या खोट्याची पूजा होताना पाहणं वेगळं.

"थो तू नाई," तो म्हणाला. "थो मी आहो."

शालूने पदराने तोंड झाकलं.

"आरशात पाहून काढलं. आरशात डाव्याचं उजवं होते. थांब, दाखवतो." देवानंदने चित्र उचललं आणि आरशासमोर धरलं. "आता पाह. तीय कुठं हाय?"

देवमन वाकून आरशात पाहायला गेला. आता आरशात चित्रही उलटलं आणि देवमनही उलटला, आणि दोघांचे तीळ पुन्हा एकाच बाजूला आले.

"माह्यासारखाच हाय की!" तो म्हणाला. "आरशात बी मीच आहो."

"तू आरशाच्या बाहेर हो ना बे!"

"मी बाहेरच आहो! चित्र आत हाय!"

"मले तं आता चार उजवे दिसून राहिले," आक्का म्हणाली आणि तिने चष्मा काढूनच ठेवला.

चौतीस वर्षांच्या शिकवण्याचा असा निकाल लागलेला पाहून देवानंदने चित्र खाली ठेवलं, कपाटाला टेकवून, आरशाच्या अगदी शेजारी. मग स्टूल ओढलं आणि तीन आठवडे बसला होता तसा आरशासमोर बसला. सगळे त्याच्या पाठीमागे होते. त्याला फक्त आपलं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडाशी बोलणं जरा सोपं होतं.

"देवमन," तो म्हणाला. उजव्या म्हटलं नाही. "पत्रिकेचं प्रूफ माह्याजोळ आलं होतं. प्रेसवाल्याची चूक होती, पन मले दिसली होती. तुहं नाव नाई हे मी पाह्यलं. पेन हातात होता. मी ओके लिवलं."

त्याने ओठ मिटले. नजर आपोआप खाली गेली, जिथे प्रूफ आलं त्या दिवशी टेबल होतं तिथे. आरशातला माणूस आणि शेजारी टेकवलेला माणूस एकमेकांना तंतोतंत जुळले. ओठ तेच, नजर तीच, तीळही त्याच बाजूला. खिडकीतल्या उजेडाने डोळ्यांखालची हिरवट छटासुद्धा हजर होती.

"पाह्यलं?" सत्यभामा हळूच म्हणाली. "मी म्हनलं नव्हतं?" पण जिंकल्याचा सूर तिच्या आवाजात नव्हता.

"काहून?" देवमनने विचारलं.

"तू साक्षगंधात साऱ्यायसमोर मले पेंटर म्हनलं. थो मामा डिस्टेंपरचं इचारून राहिला, अन तू हसला. मी जी. डी. आर्ट केलं, देवमन. चौतीस वर्सं शिकवलं. लागलं मले."

देवमनचा चेहरा लाल झाला. आता हा पिशवी उचलणार आणि बडनेऱ्याच्या पलीकडे जाईपर्यंत पडदा उघडणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याने पिशवी उचललीही.

"नऊ वर्सं," तो म्हणाला, "नऊ वर्सं मी त्या प्रेसवाल्याले शिव्या देल्ल्या. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली तं गेलो नाई. त्याची माफी आता कोन मागन?"

"मी मागीन."

"अन पेंटर म्हनलो म्हनून? अबे बह्याडा!" त्याने पिशवी पलंगावर आपटली. "नांदगाव खंडेश्वरहून आपल्या गावात जयंतीले कोन येत होता? विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबाले कोन काढत होता? आपन दोघं त्याचे डबे घेऊन मांगं मांगं फिरत होतो. माय त्याले पाटावर बसवून जेवू घालत होती. त्याचं नाव तरी मालूम होतं काय कोनाले? सारं गाव त्याले पेंटर म्हने. पेंटर आले, पेंटर आले! मले तं त्याच्यापेक्षा मोठा मानूस मालूमच नाई. तुले पेंटर म्हनताना माही छाती अशी फुगली होती! अन हसलो मी तुह्यावर नाई, त्या मामावर. त्याले पेंटर मंजे काय थेच समजत नव्हतं."

देवानंद स्टुलावरून उठला. लहानपणचे ते रंगाचे डबे त्याच्या डोळ्यांसमोर आले. निळा नेहमी देवमन धरायचा, आणि गळणारा असायचा म्हणून सदरा त्याचाच खराब व्हायचा. देवानंदला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

"दोघंही बह्याडच निंगाले," आक्काने निकाल दिला. "चाला, रोडगे करपतात."

शालू उठली. दारापाशी तिने सत्यभामेची वाट पाहिली. सत्यभामाही उठली, जाताना म्हणाली, "चोर म्हनलं त्याचा राग नको धरू वं."

"बरोबरच म्हनलं तुमी," शालू म्हणाली. "मलेच दिसलं नाई. रोज आरसा पुसत होती अन तोंड पाह्यलं नाई."

आक्काला हाताला धरून त्या घेऊन गेल्या. देवमन मात्र गेला नाही. चित्राकडे शेवटचं पाहून त्याने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं, स्टूल आरशाकडून घोडीकडे फिरवलं आणि त्यावर बसला. शर्टाची कॉलर नीट केली.

"काय करून राहिला?"

"माहं तं राह्यलंच ना. काढ. तीय उजव्या गालावर. अन खाली नाव लिव, पूरं."

देवानंदने डोळे पुसले, नवा कागद लावला, कोळसा उचलला.

"हस थोडा."

"किती वेळ?"

"हसू पंधरा मिनिटं टिकते. मंग जे उरन थे काढतो."

"काढ." देवमन हसला, माईकसमोर बसल्यासारखा ताठ. "पन सही नको करू लगेच. आंधी प्रूफ मले दाखव."